बंडीवर चढतात तसं डोंग्यात चढू नये

डोंग्यातून पाण्यात पडायला काही शिकावं लागत नाही. तेवढं मला उपजतच येत होतं. परत डोंग्यात चढायला मात्र अख्खा भादवा लागला, आणि तोही गावाला फुकटचा तमाशा दाखवत.

माझी नात भंडाऱ्याला शिकते. सुटीत आली की धरणाच्या काठावर बसून नारिंगी जाकिटं घातलेले पर्यटक बघत राहते. परवा मला विचारते, "आजी, तू चुंगडीच्या शिडावर जात होती, तुले भेव नाही लागे?" मी म्हटलं, "भेव लागायले अक्कल लागते बाई. मले ती पन्नाशीनंतर फुटली, दातं पडायच्या बेतात असताना."

तर ती अक्कल कशी फुटली ते लिहिते.

गोसीखुर्द धरणाचं पाणी चढत गेलं तसं आमचं जुनं गाव खाली गेलं. नव्या गावात सरळ गल्ल्या मिळाल्या, विजेचे खांब मिळाले, दारापुढे तुळशीला जागा मिळाली. शेती बरीचशी पाण्याखाली गेली, पण एक तुकडा पलीकडच्या चढावर तसाच राहिला. चार बांध्या धानाच्या आणि कडेला थोडी लाखोरीच्या डाळीची जागा. जुन्या गावातलं आमचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. काठावर उभं राहिलं की समोर दिसायचं, हाक मारावी इतकं जवळ. पण रस्त्यानं जायचं तर पाण्याला वळसा घालता घालता अर्धा दिवस मोडायचा. विळा हातात घ्यायच्या आत परतायची वेळ व्हायची.

म्हणून आमच्या ह्यांनी मासे मारणाऱ्या शेजाऱ्याकडून त्याचा जुना डोंगा घेतला. आम्ही धानवाले. पाणी म्हणजे आम्हाला बांधीत घोट्यापर्यंत असतं ते माहीत. त्याहून खोल पाण्याशी ह्यांचा काही संबंध नव्हता. ह्यांना पोहता येत नव्हतं. डोक्यावरून गडवाभर पाणी घेतानासुद्धा नाक दाबून धरणारा माणूस. तरी रोज वल्हं मारत न्यायचे, आणि मी समोर बसून कसं मारावं ते सांगायची.

एक दिवस शेजारी काठावरून ओरडला, "वैनी, पाल लावा ना! भाऊचे खांदे गेले वल्हं मारू मारू!"

पाल म्हणजे भिंतीवरची, एवढंच मला ठाऊक. मी म्हटलं, "पाल कायले लावतेत भाऊ डोंग्याले?" तो हसून हसून जाळ्यात बसला. मग कळलं की पाल म्हणजे शीड. शीड हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, पण पुस्तकातली वस्तू आपल्या घरी शिवता येते हे तेव्हाच समजलं.

खताच्या रिकाम्या चुंगड्या उसवून मी मशीनवर शीड शिवलं. बांबूचा खांब, त्याला एक आडवा बांबू, त्यावर शीड. वारं भरलं की त्यावर 'युरिया' असं उलटं दिसायचं. जाताना वारं पाठीशी असायचं. येताना परत वल्हं. पण जाताना जी मजा यायची! डोंगा आपला आपण चालतो आहे, हे हात मांडीवर ठेवून बसलेत, आणि मी मागं दोरी धरून राणीसारखी. शिडाची दोरी मीच बांधायची. बैल बांधावा तशी पक्की निरगाठ. कोणी म्हटलं, "सुटायची नाही ना?" तर मी छाती काढून सांगायची, "माही गाठ हाये. सुटते कशी?"

त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, आपल्या गाठीचा फार अभिमान होता. पोहण्याचा त्याहून जास्त. माहेरच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, ती लहानपणी पोहली होती, हे तिनं नव्या गावात प्रत्येक घरी जाऊन सांगितलं होतं. चहा दिला तर दोनदा.

रोवणे झाले होते, निंदण चालू होतं. त्या दिवशी काठावर बायका धुणं धूत होत्या. आमचा डोंगा काठापासून बराच आत गेला, शीड भरलं, आणि मला वाटलं की ह्या बायकांनी आपल्याला एकदा नीट पाहावं. म्हणून मी उभी राहिले. उभी राहून हात हलवला. वाऱ्यानं जरा कूस बदलली, आडवा बांबू फिरला, आणि माझ्या कानशिलात बसला. सासूनं कधी मारलं नाही ते बांबूनं मारलं.

पाण्यात पडले त्याचं काही नाही. पोहता येतच होतं. वर येऊन तोंड पुसलं आणि पाहते तर डोंगा पुढं चाललेला. माझ्याविना. त्यात हे एकटे, आणि पोहता न येणारे.

डोंगा थांबवायचा तर शीड खाली पाडायला पाहिजे. शीड पाडायला दोरी सोडायला पाहिजे. दोरीला माझी निरगाठ. हे गाठीशी झगडत होते आणि डोंग्याला ओरडत होते, "हो! हो! हो रे!" बैलांना थांबवतात तसं. डोंगा कशाला ऐकतो? मी मागून पोहते आहे, साडी पायांत गुंडाळली जाते आहे, आणि काठावरच्या बायका माझी पोहण्याची कीर्ती डोळे भरून पाहत आहेत.

पाण्यात जुनी वाळलेली झाडं उभी आहेत, त्यांच्या शेंड्यांत डोंगा अडकला म्हणून मी पोचले. आता खरी गंमत. मी डोंग्याची बाजू धरली, अंग वर ओढलं आणि उजवा पाय चाक शोधू लागला. खरं सांगते. जन्मभर बैलबंडीवर चढलेली बाई मी. बाजूला धरायचं, चाकाच्या तुंब्यावर पाय द्यायचा आणि वर. पाय पाण्यात चाचपत होता आणि मी मनात म्हणत होते, चाक कुठं गेलं?

चाक मिळालं नाही, पण डोंगा माझ्या बाजूला कलला. कडेवरून पाणी आत शिरलं. हे माझ्याकडे घसरत आले, दोन्ही हातांनी फळी धरून. त्यांचं तोंड मी कधी तसं पाहिलं नव्हतं.

"सोड," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "सोड वं. मी पडलो तं तू मले धरशीन का डोंग्याले?"

मी हात सोडला. आणखी एकदा ओढलं असतं तर दोघं पाण्यात आणि डोंगा पालथा, एवढं तेव्हा समजलं. मागच्या बाजूला जाऊन नुसतं बोटांनी धरून राहिले. शेजारी त्याचा डोंगा घेऊन आला, आम्हाला बांधून ओढत काठाला नेलं. मी शेवटपर्यंत पाण्यातच. काठावर लागताना तो बायकांना म्हणाला, "आज मोठा मासा गावला बाप्पा! कापा-कापा, सगळ्यायले पुरते!"

हसले सगळे. मीही हसले. घरी आल्यावर मात्र हे बराच वेळ ओसरीत बसून राहिले आणि डोक्यावरून टॉवेल काढेनात.

मुलगा तेव्हा वरठीला कामाला होता, तिकडेच राहायचा. त्याला कोणी सांगितलं माहीत नाही. अशा बातम्यांना फटफटी लागत नाही. इतवारी तो आला आणि चपला काढायच्या आत म्हणाला, "डोंगा विकून टाका. अन् ते वावर ठेक्यानं द्या पलीकडच्या गावात कोणाले."

"विकाचं काहून?" मी.

"माय, तू पागल होऊन राहिली का? बाबाले पोहता येत नाही!"

"मले येते ना."

"तुले येते म्हणूनच तं मासा झाली!"

मी त्याला आधी पाणी दिलं, मग अट घातली.

मी त्याला म्हटलं, ठीक आहे. मला पाण्यातून डोंग्यात परत चढता आलं, कोणी हात न लावता, तुझा बाप आत बसलेला असताना, तर डोंगा राहील आणि वावरही आपणच करू. नाही आलं तर तू म्हणशील तसं. तो कबूल झाला. येणार नाही अशी त्याला खात्री होती. मलाही साधारण तशीच होती, पण ते मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून कंबरभर पाण्यात आमची शाळा सुरू झाली. विद्यार्थी मी, मास्तरही मी. पहिल्यांदा साडीचं काम केलं. रोवण्याला बायका खोचतात तसा घट्ट कासोटा. मग बाजूनं चढून पाहिलं, डोंगा कलला. समोरून चढून पाहिलं, समोरची बाजू उंच, हनुवटी आपटली. मागची बाजू बसकी होती, तिथं हातांनी लोंबकळले तर पाय डोंग्याखाली जायचे आणि मी उताणी. मी दोरीचा फास करून मागं टांगला, पाय ठेवायला. फास लांब झाला. पाय त्यात गेला, फासासकट डोंग्याखाली गेला आणि मी आकाशाकडे तोंड करून नमस्कार घातल्यासारखी. हे आत बसून सगळं बघत होते.

"काय पाह्यता?" मी ओरडले.

"तू बोडीत पोहत होती म्हणते ना?"

"हो मंग!"

"तं म्हशीवर कशी चढत होती पाण्यात?"

पाण्यातल्या म्हशीवर कोणी बाजूनं चढतं का? आणि लोंबकळून, पाय खाली सोडून? म्हशीच्या मागं जायचं, शेपूट धरायचं, पाण्यावर आडवं व्हायचं, पाय झाडायचे आणि पोटावर सरपटत तिच्या पाठीवर जायचं. पाय टाकून बसायचं ते शेवटी. हे माझ्या पोटाला, मांड्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त डोक्याला बंडी आठवत होती.

"तुमाले हे आधी नाही सुचलं?" मी विचारलं.

"सुचलं होतं. पण तू शिकवून राहिली होती," ते म्हणाले.

(हे वाचून ते आता म्हणतात, मी असं बोललोच नाही. बोलले होते. माझं लक्ष होतं.)

मग आम्ही डोंग्याची म्हैस केली. सगळ्यात आधी शेपूट. एक लांब दोरी मागं पाण्यात सोडली आणि तिच्या टोकाला बंद केलेली रिकामी तेलाची कॅन बांधली, तरंगायला. पडलेल्या माणसानं डोंग्यामागं पोहत बसू नये, शेपूट धरावं. मग निरगाठ गेली आणि सुरगाठ आली. एक टोक ओढलं की शीड धप्पकन खाली. माझ्या हातानं मी माझी गाठ सोडली तेव्हा जरा जीवाला लागलं, पण सोडली. मग बसायची जागा. मी मागून चढताना आतल्या माणसानं समोरच्या टोकाला जाऊन खाली बसायचं, मागं वळून हात द्यायला यायचं नाही. हात दिला की दोघांचं वजन एकीकडे. आणि फास आखूड केला, गुडघ्याइतका. तो चढायला नाही, शेवटच्या ढकलीला. आधी आडवं होऊन पाय झाडायचे, पोट डोंग्याच्या काठावर आलं की पाय फासात, आणि आत.

पहिल्यांदा आत पडले तेव्हा तोंडावर पडले. फळीवर दात आपटला, तो अजून हलतो. पण पडले ती डोंग्यात. भिजलेल्या गोधडीसारखी तिथंच पडून राहिले आणि ह्यांना म्हटलं, "पाह्यलं?"

"पाह्यलं. पदर घे."

मुलगा आला त्या इतवारी काठावर अर्धं गाव होतं. तो शेजाऱ्याच्या डोंग्यात बसून बाजूनं आला, पाहायला. आम्ही आत गेलो, जिथं पाय टेकत नाहीत तिथं. शीड भरलेलं. मी नाक धरलं, आणि ह्यावेळी बांबूची मदत न घेता पडले. ह्यांनी दोरी ओढली, शीड खाली. हे समोर सरकून बसले. मी शेपूट धरलं, हातावर हात टाकत मागच्या बाजूला आले, आडवी झाले, पाय झाडले, पोट, फास, आत. काठावरून टाळ्या आल्या. बायकांनी तर थोबाडात बांबू बसला तेव्हाही वाजवल्या होत्या, त्यामुळे मी फार फुगले नाही. थोडीच फुगले.

मुलगा टाळ्या वाजवत नव्हता.

"मायचं झालं," तो म्हणाला. "अन् बाबा पडला तं?"

हे मात्र आमच्यात ठरलं नव्हतं. मी तोंड उघडलं, वाद घालायला. पण तो माझ्याकडे पाहतच नव्हता. बापाकडे पाहत होता, आणि त्याचे ओठ लहानपणी ताप आला की व्हायचे तसे झाले होते. तेव्हा मला कळलं की त्याला वावराचं काही पडलेलं नाही, डोंग्याचंही नाही. त्याला रात्रंदिवस एकच दिसत होतं: बाप पाण्यात, आणि तो वरठीला.

मी म्हटलं, "ह्यायले नाही पडायचं बाबू, ते बसूनच राह्यतेत."

"बसलेलाच माणूस पडते," हे म्हणाले. आणि सदरा काढायला लागले.

"अहो! काय करून राहिले?"

"त्या कॅना बांध."

शेजाऱ्याच्या डोंग्यात दोन बंद कॅना होत्या. त्या काखांखालून बांधल्या, छातीवर दोरीची गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली, आणि शीड परत वर घेतलं. मुलगा म्हणत होता, "बाबा, नोको, माह्यं आयका, राहू द्या." ह्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या चढाकडे, आणि नाक दाबून, डोळे मिटून, गडवाभर पाणी घ्यावं तसं स्वतःला पाण्यात घेतलं.

गेले आत. कॅनांनी वर आणलं. खोकले. हात पाण्यावर बडवू लागले.

मी सुरगाठ ओढली. शीड पडलं. आणि माझे पाय मागं धावायला निघाले, त्यांना हात द्यायला. तीन पोरांना हात दिलेली बाई मी, नदीकाठी, तापात, जत्रेत. हात न देणं मला येतच नव्हतं. पण मी समोरच्या टोकाला सरकले आणि फळीला बोटं रुतवून बसले. तेवढ्यात मुलगा बाजूच्या डोंग्यातून वाकला.

"हात नोको लावू!" मी इतक्या जोरात ओरडले की काठावरच्या बायका गप्प झाल्या. "कोणी हात नोको लावू! अहो, शेपूट! शेपूट धरा!"

हात बडवता बडवता एक हात दोरीवर पडला. धरली. मग दुसरा हात. मग बडवणं थांबलं, कारण हात दोन्ही कामात होते. दोरी ओढत ओढत मागच्या बाजूला आले.

"आडवे व्हा. पाय झाडा. बांधीत बेडूक झाडते तसे!"

झाडले. पोट काठावर आलं आणि तिथंच राहिलं. अर्धे आत, अर्धे बाहेर, धानाचं पोतं बंडीतून घसरावं तसे. परत घसरले. दुसऱ्यांदा आले, परत घसरले. मुलगा डोळ्यांवर हात घेऊन बसला.

"अवो," ते पाण्यातून म्हणाले, "आता काय?"

"आता म्हैस उठायच्या आत चढा!"

ते हसले. आणि हसताना माणसाचं अंग जरा सैल होतं, त्या सैल अंगानं पाय फासात गेला, आणि हे धप्पकन आत. डोंग्याच्या तळाशी उताणे, कॅना दोन्हीकडे पंखांसारख्या. डोळे उघडे.

मग ते म्हणाले, "पाणी आतून हिरवं दिसते वं."

"कायले पाह्यलं? डोळे तं मिटले होते."

"उघडले होते. एकदा." आणि परत हसायला लागले. असं मोठ्यानं हसताना मी त्यांना लग्नापासून पाहिलं नव्हतं. आमच्याकडे हसायचं खातं माझ्याकडे होतं.

मुलानं तोंड पुसलं. शेजाऱ्याला डोंगा जवळ घ्यायला सांगितलं. जरा वेळानं विचारलं, "धान निसवलं का तिकडं?"

"एक बांधी निसवली," हे पडल्या पडल्या म्हणाले. "चाल, पाह्यतो."

त्यानं आमच्या डोंग्यात यायला त्याच्या कडेवर पाय ठेवला. डोंगा कलला आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो, "मधात! मधात पाय ठेव!" तो घाबरून मधोमध बसला, बापाच्या पायांशी. मी शीड वर घेतलं, सुरगाठ मारली. वारं भरलं. उलटं युरिया पलीकडच्या चढाकडे चालू लागलं.

मधे आल्यावर तो दोन्ही बाजू घट्ट धरून म्हणाला, "माय, अन् मी पडलो तं?"

"तुले पोहता येते का?"

"नाही ना."

"तं पुढच्या इतवारी बुटं घालून नोको येऊ," मी म्हटलं, "अन् घरून आंघोळ करून नोको येऊ."